भिंतीची जबानी

उद्या नळाला पाणी येणार असलं की हत्तुऱ्यांच्या घरात आज शिळ्या पाण्याची विल्हेवाट लागायची. पाणी शिळं कसं होतं, हे अंबिकाला पुण्यात कुणालाही समजावून सांगता आलं नव्हतं. पिंपात झाकून ठेवलेलं, स्वच्छ, कसलाही वास नसलेलं पाणी; पण सोलापुरात नवं येणार म्हटलं की आदल्या दिवशी ते शिळं. तिचे वडील, अप्पा, ते तांब्या-तांब्यानं कुंड्यांना घालायचे, त्यानं फरशी पुसायचे, तरी उरलंच तर जिन्याच्या पायऱ्या धुवायचे.

"अप्पा, एवढं चांगलं पाणी ओतताय. उद्या नाही आलं तर?"

"न येऊन जाईल कुठं? आठवडा झाला त्याला जाऊन. कंटाळलं असेल तेही."

रविवार होता. पिंपाच्या तळापर्यंत आता अप्पांचा हात पोचत नव्हता, म्हणून अंबिकानं ते आडवं पाडलं आणि आत डोकं घालून घासायला घेतलं. बाहेर अप्पा काहीतरी बोलत होते. पिंपाच्या आत त्यांचा आवाज घुमून मोठा होत होता, शब्द मात्र फुटून जात होते.

"काय म्हणालात?" तिनं डोकं बाहेर काढलं.

"म्हटलं, तळाला डाग राहिलाय डावीकडं."

"तुम्हाला तिथून कसा दिसला?"

"दिसला नाही. तू डावीकडं कधीच घासत नाहीस."

दुपारी खालच्या मजल्यावरून रेणुकानं भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. रेणुका येमूल तळमजल्यावर शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना चालवायची. आठ-दहा बाया, तितकीच मशिनं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरघर. त्या घरघरीची अप्पांना इतकी सवय झाली होती, की लाइट जाऊन मशिनं थांबली की ते पेपरमधून मान वर करायचे.

जेवताना अंबिकानं नेहमीचा विषय काढला. "चला ना आता पुण्याला. तिथं चोवीस तास पाणी आहे."

"चोवीस तास पाणी असलेल्या घरात माणसानं दिवसभर करायचं काय?"

"आराम."

"आराम करायला तुमच्याकडं तीन खोल्यांत मिळून एक माणूस. नळाला पाणी येतंय म्हणे तुमच्या पुण्यात, दाराला कोण येतंय का?"

ती हसली. पाणी भरायचं म्हणून अप्पांनी मोरी कोरडी करून घेतली. झुरळं येऊ नयेत म्हणून जाळीवर फडक्याचा बोळा दाबला. मग मोरीतला नळ पुरता उघडून ठेवला, आणि खाली पितळी ताट उपडं घातलं. पाणी कधी येईल याचा नेम नसे. पहाटे येई, दुपारी येई. आलं की ताट वाजे, आणि माणूस उठून भरायला लागे. सगळी गल्ली असंच करायची. पाणी यायच्या दिवशी एकामागून एक घरांतली ताटं वाजत जायची, आणि पाणी कुठवर आलं ते त्यावरून कळायचं.

संध्याकाळच्या गाडीनं अंबिका निघाली. पोचल्यावर तिनं फोन केला. अप्पा म्हणाले, "बरं. ठेव मग."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन रेणुकाचा आला. तिच्या छतातून पाणी गळत होतं. आधी विजेच्या बटणांपाशी, मग पंख्याच्या आकड्यातून, मग गिलाव्याचा पापुद्रा फुगून फुटला आणि कापून ठेवलेल्या कापडाच्या थप्प्यांवर कोसळला. ती वर गेली, दार वाजवलं, कुणी उघडेना. शेवटी गल्लीतल्यांनी दार फोडलं.

अप्पा मोरीच्या उंबऱ्यापाशी आडवे होते. घरभर घोट्याएवढं पाणी होतं. त्या दिवशी सकाळी आलेलं पाणी नेहमीसारखं दोन-तीन तासांत गेलं नव्हतं, संध्याकाळपर्यंत चालूच राहिलं होतं. अंबिकानं त्यांना दिलेला मनगटी पट्टा, नाडी थांबली की तिला कळवणारा, खिळ्याला टांगलेला होता. पाण्याचं काम करताना ते तो काढून ठेवायचे.

खुब्याचं हाड मोडलं होतं आणि हृदय बंद पडलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे डॉक्टरांना सांगता येईना. पाण्यात राहिलेल्या शरीरावरून मृत्यूची वेळ नेमकी काढता येत नाही, असं ते म्हणाले. अंदाजानं त्यांनी 'पहाटे' लिहिलं.

लिंगायत रिवाजाप्रमाणे अप्पांना बसवून माती द्यायची होती. शरीर बसेना. चुलतभावांनी गुडघ्यांवर जोर दिला तेव्हा अंबिका बाहेर जाऊन उभी राहिली. आलेली माणसं तिला एकच गोष्ट सांगत होती. झोपेतून उठले असतील, मोरीपाशी गेले असतील, तिथंच हार्ट गेलं असेल. पाणी मागाहून आलं. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, बाळा. ज्यानं त्यानं हे वाक्य आपलं म्हणून आणलं होतं. दिवस घातल्यावर ती पुण्याला परतली तेव्हा ते तिचंही झालं होतं. औषधाच्या गोळीसारखं ती ते वेळेवर घ्यायची.

*

घराचा विमा अप्पांनीच उतरवला होता. त्यात घराचं नुकसान होतं, तसंच या घरामुळं शेजाऱ्याचं झालेलं नुकसानही होतं. अंबिकानं दावा दाखल केला तो मुख्यतः रेणुकासाठी. वरच्या घराचं काय, ते कसंही राहिलं असतं. खाली मात्र पुऱ्या हंगामाचं कापड गेलं होतं, मशिनांच्या मोटारी जळल्या होत्या, आणि शाळा उघडायला आल्या होत्या.

कंपनीकडून बागवान मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती ओढणी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी घरभर एक फेरी मारली आणि भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं पीठ लागलं.

"छान लोणा धरलाय," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "माफ करा. सवयीनं बोलून गेले."

"जबानी घेणार का भिंतीची?" अंबिकानं विचारलं.

"घ्यावीच लागते आता. घरात मृत्यू झालेला असला की सक्तीच आहे. तुम्हाला माहीत आहे यातलं?"

अंबिकाला माहीत होतं. पाठ्यपुस्तकांच्या संपादनाचं काम करताना आठवीच्या मुलांसाठी त्यावरचा धडा तिनंच लिहिला होता, आणि तो लिहिताना तिला आनंद झाला होता.

भिंतीला ओल लागली की पाणी विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवत वर चढतं. हवा कोरडी असेल तर ओलीच्या काठावर पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. तोच लोणा. आपल्याला ते पांढरं पीठ दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते सुयांचं रान असतं. प्रत्येक सुई थरावर थर चढून वाढते. खोलीत आवाज झाला की भिंत थरथरते. ती थरथर इतकी बारीक असते की हात लावून कळणार नाही, पण त्या क्षणी चढणारा थर तेवढ्यानंही जाड-पातळ होतो. एका सुईत हा फरक सापडणं अशक्य. मात्र एका भिंतीवर कोट्यवधी सुया एकाच वेळी एकच आवाज टिपत असतात. सगळ्यांची बेरीज केली की त्यांच्या चुका एकमेकींना खोडून काढतात, आणि आवाज तेवढा उरतो.

एका संशोधिकेला जुन्या गिलाव्याच्या जतनाचं काम करताना हे सापडलं. ओल आलेल्या भिंतीतून तिला पहिल्यांदा ऐकू आला तो घंटेचा नाद. अंबिकानं धडा तिथंच संपवला होता. मुलांना घंटा पुरेशी होती. पुढं काही वर्षांतच विमा कंपन्यांच्या लक्षात आलं, की पाण्यानं नुकसान झालेल्या प्रत्येक घरात, नुकसान होत असतानाच, एक साक्षीदार तयार होत असतो.

धड्यात नव्हतं ते बागवान मॅडमनी सांगितलं. वाचताना यंत्राचा किरण सुया जाळत जातो, त्यामुळं भिंत एकदाच वाचता येते. आणि निघतो तो आवाज नसतो, आवाजाचा सांगाडा असतो. त्यावर मांस संगणक चढवतो. म्हणून न्यायालयानं ठरवून दिलंय: मृताच्या जवळच्या नातेवाइकानं समोर बसून ओळखला, तरच तो माणसाचा आवाज. नाहीतर ते नुसतं कंपन.

"ओळखलं नाही तर?"

"तर परक्याचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही. जागच्या जागी पुसून टाकायचा. तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही."

"आणि ओळखला तर?"

बागवान मॅडमनी चष्मा काढला. "तर एक प्रत तुम्हाला मिळते. पण मग दावा बसत नाही. तुमच्या अर्जात लिहिलंय, वडील आधी गेले आणि पाणी नंतर आलं. तसं असेल तर अपघात. पाणी आलं तेव्हा ते जिवंत होते, शुद्धीत होते, आणि तरी नळ बंद झाला नाही, तर कंपनी त्याला निष्काळजीपणा म्हणते. नळ उघडा त्यांनीच ठेवला होता."

"इथं सगळेच ठेवतात."

"माझ्याही घरी ठेवतात. आमच्याकडं परात असते."

"आणि खुबा मोडलेला माणूस उठून नळ कसा बंद करणार?"

"मला कळतं ते, ताई. पण खुबा मोडलेला भिंतीला ऐकू येत नाही. आणि घराची पॉलिसी माणूस पडल्याचे पैसे देत नाही. घर भिजल्याचे देते."

त्यांच्या बोलण्यात कसलाच आकस नव्हता. हे वाक्य त्यांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, असा विचार अंबिकाच्या मनात आला. त्यांनी यंत्र मोरीलगतच्या, आधीपासूनच कायम ओलसर असलेल्या भिंतीशी टेकवलं. निळसर रेघ खालून वर सरकायला लागली. ती जिथून गेली तिथला लोणा करपून तपकिरी पडत होता.

*

जबानी ऐकायच्या दिवशी सकाळी अंबिका रेणुकाकडं चहाला गेली. मशिनं प्लास्टिकखाली झाकलेली होती. कोपऱ्यात निळ्या कापडाच्या थप्प्या. त्यांच्यावर चुन्याच्या पांढऱ्या लाटा वाळलेल्या होत्या.

"सहा बाया सोडून गेल्या ताई," रेणुका म्हणाली. "जाणारच की. त्यांची पोटं माझ्या चहावर भरतेत होय? एका शाळेनं तर तोंडावर सांगितलं, पुढच्या साली येऊ नका म्हणून. कापडवाला रोज दारात उभा राहतोय. आधी बसायचा, आता उभाच राहतोय."

"होईल, रेणुका."

"होईल म्हणजे तुम्ही कराल तर होईल." तिनं कप खाली ठेवला. "ताई, मी आडून बोलत नाही. भिंतीत काय निघालं तर ओळखू नका की ओ."

अंबिकानं कोपऱ्यातल्या थप्प्यांकडं पाहिलं.

"डॉक्टरनीच लिवलंय ना, पहाटं गेले म्हणून? मग भिंतीत असंल कोण? टीव्ही असंल. रस्त्यावरचा भाजीवाला असंल. एक 'नाही' म्हणायचं. तुम्ही पुस्तकं लिहिताव. एक शब्द काय जड आहे तुम्हाला?"

"तू त्या दिवशी काही ऐकलंस का?"

रेणुकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताट वाजलेलं ऐकलं. म्हटलं, काकांचं पाणी आलं. आम्हीपण उठून भरायला लागलो." मग एकदम ती चिडली. "ताट वाजलं म्हणून कोण वर पळतंय का? पाणी आल्यावर ताट वाजतंच की! तुम्ही असता तर पळाला असता?"

"नाही," अंबिका म्हणाली.

"आणि चार वर्षं भाकरी मीच दिलीय त्यांना. रोज. उपकार म्हणून सांगत नाही, पण दिलीय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आल्याचाही तिला राग आला. "गेलेल्या माणसाचा आवाज घेऊन काय करणार तुम्ही? मोबाइलमध्ये ठिवणार आणि दिवाळीला ऐकणार?"

जिना चढताना अंबिकानं उत्तर ठरवून टाकलं होतं. रेणुका बरोबर होती. अप्पा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. शिवाय 'नाही' म्हटलं की दुसरंही एक वाचत होतं: त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. ते वाक्य अजून शाबूत होतं आणि तिला ते हवं होतं.

*

रिकाम्या खोलीत तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. नुकसान झालेली शेजारीण म्हणून रेणुकालाही बसायचा हक्क होता. बागवान मॅडमनी नोंदणी सुरू केली. अंबिकाचं नाव, नातं, पत्ता.

"वडिलांचा व्यवसाय?"

"एसटी स्टँडवर होते. गाड्या पुकारायचे."

बागवान मॅडमचं बोट पडद्यावर थांबलं. "सिद्रामप्पा हत्तुरे म्हणजे... ते? 'अक्कलकोट, अक्कलकोट, फलाट क्रमांक सात'? म्हणजे गावाचं नाव आधी, मग जरा थांबायचं, आणि मग बाकीचं?"

"लोकांना थैली उचलायला वेळ मिळावा म्हणून थांबायचे."

"लहानपणी आजोळी जाताना ऐकलाय मी. अर्ध्या सोलापूरला ओळखू येईल तो आवाज." त्यांनी यंत्राकडं पाहिलं आणि त्यांचा सूर पुन्हा कोरडा झाला. "पण कायद्याला अर्धं सोलापूर चालत नाही. तुम्हीच लागता. सुरू करते."

आधी खरखर झाली. मग ताट वाजलं. एवढं स्पष्ट, की तिघींनीही मोरीकडं पाहिलं. ताटाच्या नादावर पाण्याची धार, मग चपलांची फटफट, घाईची. एक घसरल्याचा आवाज. काहीतरी जड पडलं.

"यात माणसाचा आवाज ओळखता?"

"नाही."

पुढचा तुकडा. ताट पाण्याखाली गेलेलं, त्यामुळं आता नुसती खळखळ. तिच्या खालून मशिनांची घरघर, एकसुरी, लांबलचक. मधेच ती थांबली. खालून बायकांचं हसणं आलं, आणि एक खणखणीत आवाज: "घ्या गं चहा, घ्या! नवऱ्यासारखं थंड होऊन जाईल!" पुन्हा हसणं.

"ही मी," रेणुका म्हणाली. तिला कुणी विचारलेलं नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

हसणं ओसरलं. मशिनं अजून सुरू व्हायची होती. त्या मोकळ्या जागेत आवाज आला.

"अंबे."

मधे थांबणं.

"पाणी आलंय. ऊठ, नळ बंद कर."

संगणकानं चढवलेलं मांस कुठंकुठं विचित्र होतं, अक्षरांच्या कडा धातूच्या वाटत होत्या. पण थांबणं संगणकाचं नव्हतं.

"अंबे."

थांबणं.

"पाणी आलंय. ऊठ."

आवाजात भीती नव्हती. तेच सगळ्यात वाईट होतं. खुबा मोडून पाण्यात पडलेला माणूस फलाटावरची गाडी पुकारावी तसं पुकारत होता. त्याला वाटत होतं की मुलगी आतल्या खोलीत झोपली आहे, आणि शाळेच्या वेळेच्या आत पाणी भरून व्हायला हवं.

"ओळखता?" बागवान मॅडमनी विचारलं.

"नाही," अंबिका म्हणाली. "ओळखत नाही."

रेणुकानं श्वास सोडला. बागवान मॅडमनी काहीतरी टिपलं. "नोंद केली. नियमाप्रमाणं तुकडा शेवटपर्यंत वाजवावा लागतो. नंतर पुसते."

शेवट लवकर आला नाही.

शाळेत असताना पाण्याच्या दिवशी ते असंच पुकारायचे. अंबिका डोक्यावरून चादर घेऊन जागी पडलेली असायची. एकदा हाक, थांबणं, दुसऱ्यांदा हाक. दोनच. त्यानंतर ते कधी आत आले नाहीत, चादर ओढली नाही. स्वतःच कळशा उचलायला लागत. तिच्या कानांवर प्रत्येक कळशी पडायची. पाहुण्यांना ते कौतुकानं सांगायचे, आमच्या अंबाची झोप म्हणजे झोप, उशाशी गाडी पुकारली तरी उठायची नाही. मोठी झाल्यावर तिला वाटायचं, एकदा सांगून टाकावं. मग वाटायचं, त्यात सांगण्यासारखं आहे काय. सगळ्याच पोरी चादरीखाली जाग्या असतात.

भिंतीतले अप्पा दोन हाकांवर थांबले नाहीत.

मशिनं सुरू झाली आणि आवाज त्यांच्याखाली गेला, तरी थांबणं ऐकू येत होतं. घरघरीत ठरावीक अंतरानं एक खळगा पडायचा. मग लाइट गेली असावी, कारण सगळं एकदम शांत झालं. आवाज आता बारीक होता, पाण्याच्या जवळ होता. नळ बंद कर हे सुटलं होतं, पाणी आलंय हेही सुटलं होतं. नुसतं गावाचं नाव उरावं तसं नुसतं नाव.

"अंबे."

थांबणं.

"ओ," अंबिका म्हणाली.

बागवान मॅडमनी तुकडा थांबवला. रेणुकाचा हात अंबिकाच्या मनगटावर आला, शिवणाऱ्या बाईचा हात, बोटांची टोकं सुयांनी टणक झालेली.

"खोकल्या ओ त्या," रेणुका म्हणाली. "मॅडम, खोकल्या. लोणा उडतोय ना घशात."

बागवान मॅडम तिच्याकडं न पाहता अंबिकाशी बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सावकाश झाला. "माझ्या नोंदीत अजून 'नाही' आहे. तुम्ही काही म्हणालात, की खोकलात? खोकला असेल तर मी खोकला लिहिते. नीट विचार करून सांगा. इथून पुढं मला खोडता येणार नाही."

मनगटावरची पकड घट्ट झाली. "ताई," रेणुका कुजबुजली. "ताई, माझ्याकडं बघा. मी आहे जिवंत. ते नाहीत."

अंबिकानं तिच्याकडं पाहिलं. रेणुकाचं खरं होतं. तिच्या खालच्या ओठावर चहाची साय वाळून चिकटली होती. तिनं दिलेल्या भाकरी अंबिकानंही खाल्ल्या होत्या. 'खोकला' हा शब्द तिला तयार मिळाला होता, नुसती मान हलवायची होती, आणि खाली मशिनं पुन्हा सुरू झाली असती.

"उरलेलं वाजवा," ती म्हणाली.

"उत्तर आधी देता?"

"उरलेलं वाजवा."

बागवान मॅडमनी कळ दाबली. पाण्याचा आवाज. थांबणं, पूर्वीपेक्षा लांब. इतकं लांब, की संपलं असंच वाटलं.

"अंबे."

रेणुकाचा हात अंबिकानं मनगटावरून सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं. मग ती खुर्चीवरून उठली, करपलेल्या भिंतीसमोर उभी राहिली, आणि यंत्राला, बागवान मॅडमना, रेणुकाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ओ, अप्पा. जागी आहे मी. रोज जागीच असायची."